आजीचं माहेर परदेशात होतं

आमच्या घराण्यात परदेशातून सून म्हणून आलेली पहिली बाई म्हणजे माझी आजी. थोरले काका हे वाक्य नवख्या पाहुण्यासमोर मुद्दाम टाकायचे आणि पाहुण्याची नजर माजघराकडं वळली की मिशीत हसायचे. माजघरात आजी विळीवर नारळ खवत बसलेली. काष्ट्याचं लुगडं, कमरेला खोचलेली तपकिरीची डबी, आणि तोंडानं अखंड कुणाची ना कुणाची चौकशी. पाहुणा बुचकळ्यात पडायचा. मग काका त्याला खळ्यात नेऊन नदीपलीकडचे माड दाखवायचे. "तो बघा परदेश."

ती नदी तेरेखोलची. आमचं घर तिच्या उत्तरेच्या काठावर, आरोंदा-सातार्ड्याच्या पट्ट्यात. समोरचा काठ पेडण्याचा. आमच्या बाजूला सावंतवाडीकर भोसल्यांचं संस्थान, त्यावर इंग्रजांची छाया. समोर पोर्तुगीजांचं राज्य. पेडणं महालसुद्धा मुळात भोसल्यांचाच, १७८८ मध्ये तो पोर्तुगीजांच्या हाती गेला. आजी ही गोष्ट अशा सुरात सांगायची की जणू तिच्या लग्नाआधी दोनचार वर्षं हा व्यवहार झाला आणि तो तिच्या बापाला विचारून झाला असता तर बरं झालं असतं.

तिच्या लहानपणी या सरहद्दीचं फारसं कुणाला काही वाटत नसे. होडीवाला दोन्ही काठांचा. पलीकडच्या मुली इकडं, इकडच्या मुली तिकडं. आमच्या बाजूच्या कितीतरी घरांचं कुळदैवत गोव्यात, कुणाचा मंगेश, कुणाची शांतादुर्गा. जत्रेला जायचं, येताना आल्याचं खाजं पदराला बांधून आणायचं. जकातीच्या नाक्यावरचा शिपाई बोचकं उघडून बघायचा, त्याच्या हातावर खाज्याची मूठ ठेवली की बोचकं बांधायलाही तोच मदत करायचा. अर्थात हे आजीचं म्हणणं. तिच्या गोष्टींत सगळे शिपाई प्रेमळ असायचे. काकांच्या गोष्टींत एकही नसायचा.

१९४७ आलं, पुढच्या वर्षी सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि आमचा काठ स्वतंत्र भारत झाला. आजीचं माहेर राहिलं तिथंच. दिल्ली आणि लिस्बन यांचे राजनैतिक संबंध १९४९ मध्ये रीतसर सुरू झाले, म्हणजे एकमेकांच्या राजधानीत वकील बसले. आमच्याकडं हे कुणाला कळलंही नसेल. फेब्रुवारी १९५० मध्ये भारतानं गोव्याच्या भवितव्याबद्दल बोलणी करू या असं पोर्तुगालला कळवलं. तिकडं हुकूमशहा सालाझार. त्याचं उत्तर ठरलेलं: गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच तुकडा, त्यावर बोलायचं काय? १९५१ मध्ये तर त्यानं घटनाच दुरुस्त करून घेतली आणि वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' ठरवून टाकलं. ज्याला घर सोडायचंच नाही त्या भाडेकरूनं सातबाऱ्यावर परस्पर आपलं नाव चढवून घ्यावं, तसला प्रकार. आजोबा ही बातमी वाचून म्हणाले होते, "आता हिचा भाऊ युरोपियन झाला." आजीनं विचारलं, "मगे तेका पगार वाढवन देतले काय?"

तिचा भाऊ, आमचे मामाआजोबा, पलीकडं मराठी शाळेत शिकवायचे. सडपातळ, काळा कोट, आणि बोलण्यात एक विलक्षण सावधपणा. बोलताना ते आधी दारातून बाहेर बघायचे. ही सवय त्यांना पोर्तुगीज अमलात लागली आणि मरेपर्यंत सुटली नाही. सत्तरीनंतरही मांगरात बसून भाताच्या भावाबद्दल बोलताना ते आवाज खाली आणत.

जून १९५३ मध्ये भारतानं लिस्बनची आपली वकिलात बंद केली. पुढच्या वर्षीपासून नदी बदलली. पलीकडं जायला परवाना लागू लागला, दोन्हीकडचा. त्याच पावसाळ्यात तिकडं उत्तरेला दादरा आणि मग नगर हवेली मुक्त झाली. त्या लढ्यात आपल्याकडचे कितीतरी लोक होते, गायक सुधीर फडके, शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर. पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. पोर्तुगालनं त्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद लावली, आम्हाला आमच्या मुलखात जायला वाट द्या म्हणून. निकाल लागला एप्रिल १९६० मध्ये. वाटेचा हक्क तुम्हाला आहे, पण शस्त्रं आणि फौजेसाठी नाही, आणि भारतानंही काही चुकीचं केलेलं नाही, असा. आमच्या गावात बांधाच्या वाटेवरून चाललेला एक दावा त्याहून जास्त वर्षं चालला होता. त्यामुळं आजोबांना या निकालाचं फार कौतुक. न्यायालय कुठंही असलं तरी न्यायालयच, असं म्हणायचे.

१९५५ चं साल मात्र आमच्या घरात कुणी चेष्टेत घेत नसे. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्याबरोबर सत्याग्रह्यांच्या पहिल्या तुकड्या गोव्यात शिरल्या आणि मार खाऊन, तुरुंगात जाऊन आल्या. मग १५ ऑगस्टला देशभरातून हजारो माणसं सरहद्दीवर जमली. आमच्या जवळचं ठिकाण बांदा, आणि त्याच्या पुढं पत्रादेवी. आजोबांचे एक चुलतभाऊ बांद्याला असत. त्यांच्या पडवीत आदल्या रात्री कुठकुठली माणसं झोपली होती: सातारा, बंगाल, मध्य भारत, पंजाब. बाहेर आमचा पाऊस, तो काय सांगायचा! चुलतआजीनं रात्रभर चुलीवर पेजेचं मडकं ठेवलं होतं. पंजाबातल्या पोरांना उकड्या तांदळाची पेज म्हणजे काय ते कळेना. त्यांनी ती आधी औषध समजून घेतली आणि मग दोनदा मागून घेतली, असं ती सांगायची. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक लोक मेले. पत्रादेवीला पडलेल्यांत कर्नैलसिंग हा पंजाबातला तरुण शिक्षक होता. पेज मागून घेणाऱ्यांत तो होता का, हे चुलतआजीला कुणी कुणी विचारायचं. ती म्हणायची, नावं कोण विचारतं बाबा, वाढताना.

त्या महिन्यात दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात बंद झाली, सप्टेंबर उजाडताना गोव्यातली आपली वकिलातही. संबंध तुटले. तुटले म्हणजे काय, तर भावाभावांत अबोला धरला की शेजारच्या म्हाताऱ्याकडून निरोप जातात ना, "त्याला सांग, विहिरीचा रहाट दुरुस्त करायला झालाय", तसं झालं. भारताच्या वतीनं बघायला इजिप्त, पोर्तुगालच्या वतीनं दिल्लीत ब्राझील. होडीनं पार होणाऱ्या नदीचा निरोप कैरोवरून फिरून यायचा.

मुंबई-पणजी बोट बंद. कॅसलरॉकवरून मुरगावला उतरणारी रेल्वे बंद. मनीऑर्डर बंद, आणि ते फार लागलं, कारण पलीकडच्या अर्ध्या चुली मुंबईच्या पगारावर पेटायच्या. भारत धान्य-भाजीही जाऊ देईना. आता हा मुलूख उपाशी मरणार आणि सालाझार शरण येणार, असा हिशेब होता. झालं भलतंच. लोखंडाच्या खाणी तेव्हा नुकत्या भरात आल्या होत्या, माल जपानला जायचा, पैसा हाती होता. तांदूळ आणि भाजीपाला पाकिस्तानातून, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं, दारू पोर्तुगालची आणि बटाटे हॉलंडचे. दाबोळीला विमानतळ बांधून काढला आणि कराचीला विमानं सुरू केली. बेळगावचा बटाटा बंद झाला म्हणून हॉलंडचा बटाटा सात समुद्र ओलांडून पेडण्याच्या बाजारात. हे मला अजून खरं वाटत नाही, पण मामाआजोबांनी ते खाल्ले होते. मोठे, पिवळसर, आणि त्यांच्या मते बेचव. रात्रीच्या होडीतून त्यांनी एकदा बहिणीला पाठवले. आजीनं त्यांची कापं तळली आणि सगळ्या आवाठात एकेक वाटलं, पत्रीसारखं.

रात्रीच्या होडीबद्दल मी फार लिहू नये हे बरं. घड्याळं, नायलॉन, विलायती दारू आणि सोनं या पाण्यावरून किती गेलं याचा हिशेब नदीलाच ठाऊक. त्या सहासात वर्षांत आमच्या पट्ट्यात काही घरांवर मंगलोरी कौलं चढली. कुणाच्या घरावर कधी चढली हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. आमच्या घरावर ती पुष्कळ उशिरा चढली, एवढं सांगते. घरात बिस्किटांचा एक निळा परदेशी डबा मात्र होता. त्यात आजी जायफळ आणि सुकी सोलं ठेवायची.

याच काळात तिचे वडील गेले. यातलं नेमकं काय घडलं यावर घरात दोन पक्ष आहेत. माझी आत्या सांगते की निरोप आला त्याच रात्री आजी होडीत बसली, पलीकडच्या गस्तीच्या शिपायानं तिला काठावर अडवलं, तिनं त्याला त्याच्या आईची शपथ घातली आणि त्यानं तोंड फिरवून वाट दिली. काका म्हणायचे, छे, ती गेलीच नाही. परवाना येईपर्यंत तेरावं होऊन गेलं होतं, आणि त्या दिवशी तिनं अलीकडच्या काठावर उभी राहून पाण्यात तीळ सोडले. आजीला मी स्वतः विचारलं होतं. ती म्हणाली, "गेल्ललंय गो. नाय कित्याक जातलंय?" पण ती हे म्हणाली तेव्हा ती बरीच म्हातारी झाली होती आणि तिच्या आठवणींत एव्हाना सगळी दारं उघडी होती.

आमच्या डोक्यावर, आंबोलीच्या रानात, तेव्हा आणखी एक प्रकार चालला होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी नोव्हेंबर १९५५ पासून तिथून गुप्त रेडिओ सुरू केला होता, गोव्यातल्या लोकांना बाहेरच्या बातम्या सांगायला. पुढं तो कॅसलरॉकच्या बाजूला गेला. मामाआजोबा तो ऐकायचे, घोंगडी डोक्यावरून ओढून. घोंगडीखाली रेडिओ आणि माणूस दोघं मावायचे म्हणजे मामाआजोबा किती सडपातळ असतील बघा. पुढं सरदेसाई आणि लिबिया यांनी एकमेकांशी लग्न केलं. सरदेसाई स्वतंत्र भारताचे अंगोलातले राजदूत झाले, म्हणजे पोर्तुगीजांच्याच दुसऱ्या एका जुन्या वसाहतीत. लिबियाबाईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली. ते वाचलं तेव्हा मला ती घोंगडी आठवली.

डिसेंबर १९६१ मला स्वतःला आठवतो, निदान तसं वाटतं. शाळेला सुट्टी दिली होती. रात्रभर गाड्यांचा आवाज, आणि पहाटे दक्षिणेकडून धडाडधूम. पोर्तुगीज मागं हटताना पूल उडवत होते, डिचोलीचा, अस्नोड्याचा, शापोऱ्याचा. दोडामार्गाच्या बाजूनं आपलं सैन्य आत गेलं, त्यात मराठा पलटणही होती. १९ तारखेच्या रात्री गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणपत्र दिलं. सालाझारचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढायचा, पण या गृहस्थानं पणजीची राख होऊ दिली नाही. त्याबद्दल मायदेशात त्याला सैन्यातून काढून टाकलं. मामाआजोबा फिरंग्यांबद्दल चांगलं बोलण्यातले नव्हते, पण याचं नाव निघालं की म्हणायचे, "माणूस होता."

आजीच्या लेखी भांडण इथं मिटलं. पहिली उघडी होडी सुटली तशी ती माहेरी गेली. सोबत फणसाच्या साठांचं गाठोडं, काळे वाटाणे आणि मला घेऊन. होडी काठाला लागली तेव्हा मामाआजोबा गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते, कोटासकट. दोघंही रडली नाहीत. आजी म्हणाली, "वाळलंस." एवढंच. मग महिनाभर ती तिथंच राहिली आणि आजोबांना स्वतः चूल पेटवायला लागली.

पण राज्यकर्त्यांचा अबोला होडीनं मिटत नाही. पोर्तुगालच्या कागदावर गोवा अजून पोर्तुगालचाच होता. इकडं निवडणुका झाल्या, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, १९६७ च्या जनमत कौलात गोव्यानं महाराष्ट्रात जायचं नाही असं ठरवलं. मामाआजोबांनी विलीनीकरणाच्या फुलावर शिक्का मारला, त्यांच्या थोरल्या मुलानं वेगळ्या गोव्याच्या दोन पानांवर, आणि त्या घरात आठवडाभर जेवणाची दोन पानं वेगवेगळी मांडली गेली. लिस्बनला यातलं काहीच झालेलं नव्हतं. तिकडं काळ १८ डिसेंबरलाच थांबवून ठेवला होता.

याची खरी किंमत मोजली ती मोहन रानड्यांनी. सांगलीचा हा तरुण गोव्यात मराठी शिकवायला म्हणून गेला आणि सशस्त्र लढ्यात पडला. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडला गेला, आणि पुढं पोर्तुगालला कशियासच्या किल्ल्यात डांबला गेला. गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज युद्धकैदी १९६२ मध्ये सुखरूप घरी गेले, आणि रानडे तिथंच. विचारायला लिस्बनला आपला माणूस नाही, आणि इकडं त्यांचा नाही. मामाआजोबा त्यांना ओळखत होते की नुसतं ऐकून होते, हे मला त्यांच्या सावधपणामुळं कधी कळलं नाही. पण दर दिवाळीला ते "तो पोर अजून तिकडंच आहे" म्हणायचे आणि पहिला फराळ तसाच बाजूला ठेवायचे. सुधीर फडक्यांनी त्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. शेवटी वाट निघाली ती तमिळनाडूच्या अण्णादुराईंमुळं. १९६८ मध्ये ते रोमला पोपना भेटले आणि पोपकडं त्यांनी स्वतःसाठी काही न मागता रानड्यांची सुटका मागितली. मद्रासचा मुख्यमंत्री, ख्रिस्ती धर्मगुरू आणि सांगलीचा कैदी! वकिलाती बंद असल्या की असे रस्ते शोधावे लागतात. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले, आणि ते आभार मानायला जाण्याआधीच, फेब्रुवारीत अण्णादुराई वारले.

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनला क्रांती झाली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल फुलं खोचली, हुकूमशाही गेली, आणि नव्या सरकारला हे जुनं घोंगडं भिजत ठेवायची हौस नव्हती. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सुआरिश, भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्र्याच्या माणसानं सही केली आणि आजीचं माहेर पोर्तुगालच्या कागदावरही भारतात आलं. काकांनी तिला ही बातमी वाचून दाखवली. तिनं तेरा वर्षांपूर्वीच हा विषय मिटवलेला, तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं की मग आता सोनं देतील का.

हे सोन्याचं प्रकरण तिच्या भावाच्या घरातलं. पणजीला बांको नासियोनाल उल्त्रामारिनो ही पोर्तुगीज बँक होती, लोक दागिने गहाण ठेवून तिच्याकडून कर्ज काढत. मामाआजोबांच्या आईच्या पाटल्या आणि एक चंद्रहार मुलीच्या लग्नासाठी तिथं ठेवलेले. आणि मुक्तीच्या तोंडावर बँकेनं ते सगळं सोनं लिस्बनला हलवलं. करार झाला, राजदूत गेले-आले, तरी सोनं हलेना. पावती मात्र मामाआजोबांनी सत्यनारायणाच्या पोथीत जपून ठेवलेली. शेवटी १९९१ मध्ये ते दागिने परत आले, स्टेट बँकेमार्फत. तोवर मामाआजोबा नव्हते, आजीही नव्हती. ज्या मुलीच्या लग्नासाठी ते गहाण पडले तिला नातवंडं झाली होती. वारस सगळे मिळून पणजीला गेले. येताना वेगवेगळ्या बसनं आले. चंद्रहार कुणाचा यावरून जे वाजलं, त्यातून पुढची दहा-बारा वर्षं त्या घरात दोन गणपती बसत होते.

तो तंटा मिटवला पोर्तुगालनंच. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, ही बातमी पणजीच्या पोर्तुगीज वकिलातीसमोरच्या रांगांतून पेडण्यापर्यंत पोचली आणि मामाआजोबांच्या जन्मदाखल्याला अचानक चंद्रहाराची किंमत आली. दाखला एका चुलत्याकडं, लग्नाची नोंद दुसऱ्याकडं, पोथी तिसऱ्याकडं. बोलावं लागलं. गणपती एक झाला. आता त्या घरातला पणतू विलायतेत स्विंडनला मालाच्या गोदामात रात्रपाळी करतो, पोर्तुगीज पासपोर्टावर. पोर्तुगाल त्यानं पाहिलेलं नाही. मामाआजोबांना हे सांगायला हवं होतं असं वाटतं, पण त्यांनी आधी दाराबाहेर बघून घेतलं असतं.

हा मुलगा परवा चतुर्थीला आला होता. पोर्तुगालचे पंतप्रधान असताना आंतोनियो कोश्ता २०१७ मध्ये भारतात आले, त्यांचे वडील मडगावच्या घराण्यातले, आणि त्यांनी आपलं भारतवंशीयांचं कार्ड सभेत काढून दाखवलं होतं. तसंच कार्ड यानं खिशातून काढून माझ्या वहिनीला दाखवलं. ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघत राहिली.

"म्हणजे तुका आपल्या घराक येवक पण कागद लागता?"

"लागता," तो म्हणाला. "आणि गे, ह्या आंबोळयेवांगडा कालची उसळ आसा काय?"